कॅटलॉग म्हणतो ‘उपलब्ध’, कपाटात मात्र नाही

ग्रंथालयातलं हवं ते पुस्तक कुणीतरी नेलेलं असेल तर निदान वाट तरी पाहता येते. खरी चीड येते ती स्क्रीनवर ‘उपलब्ध’ दिसत असताना कपाटात पुस्तक नसतं तेव्हा. मुळात ‘उपलब्ध’ याचा अर्थ एवढाच, की ते सध्या कुणाच्या नावावर दिलेलं नाही. ते जागेवर आहे याची हमी त्यात नसते.

आधी वर्गांक, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा विषयाचा अंक, नीट वाचावा. ड्यूई दशांश पद्धतीत, म्हणजे पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावण्याच्या पद्धतीत, टिंबापुढचे आकडे दशांशातच वाचायचे असतात. मराठी कथा-कादंबरीचा ८९१.४६३ हा अंक ८९१.५ च्या आधी येतो. ‘चारशे त्रेसष्ट’ असं वाचलं की माणूस पुढच्या कपाटात जातो आणि पुस्तक नाहीच असं धरून चालतो. वर्गांकाखाली लेखकाच्या नावावरून केलेली खूण असते. एकाच वर्गांकाची शेकडो पुस्तकं असतील तर तीच उपयोगी पडते.

जागेवर नसेल तर त्या फळीवरची पुस्तकं पुढे ओढून मागे हात घाला. छोट्या आकाराची पुस्तकं मागे पडतात. मग वरची आणि खालची फळी पाहा. त्यानंतर आकड्यांची अदलाबदल करून पाहा: ८९१.४६३ चं पुस्तक ८९१.४३६ पाशी लागलं तर ते थेट हिंदी साहित्यात जाऊन बसतं. परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली, वाचनकक्षातली टेबलं, नव्या पुस्तकांची मांडणी आणि मोठ्या आकाराच्या पुस्तकांचं वेगळं कपाट एवढं पाहून झालं की देवघेवीच्या टेबलाशी जावं. तिथे फक्त नाव सांगू नका, दाखल क्रमांक द्या. तो प्रत्येक प्रतीचा वेगळा असतो. त्यावरूनच ही प्रत बाइंडिंगला गेली आहे, संदर्भ विभागात हलवली आहे की मागच्या मोजणीत सापडली नव्हती, हे कर्मचाऱ्यांना तपासता येतं. सापडली नाही तर ‘हरवलेली’ अशी नोंद करायला आवर्जून सांगा. ती नोंद होत नाही तोवर दुसरी प्रत मागवायचा विचारच होत नाही.

कॅटलॉगमध्ये पुस्तकच दिसत नसेल तर बहुधा दोष शोधशब्दाचा असतो, आणि मराठी पुस्तकांच्या बाबतीत तर फारच. आद्याक्षरांमधलं टिंब आणि मोकळी जागा, ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, टोपणनाव यांपैकी काहीही आडवं येतं. रोमन लिपीतल्या नोंदी आणखी फसव्या. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या ग्रंथालयाच्या लिप्यंतरात आपण न उच्चारलेला ‘अ’सुद्धा लिहितात, आणि ‘श’साठी एस-एच नसून खूण केलेला नुसता एस असतो. त्यामुळे ‘देशपांडे’ तिथे ‘देसापांडे’ अशा थाटात सापडतात. शीर्षकातला एखादाच वेगळा शब्द आणि प्रकाशनवर्ष टाकून शोधणं मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकावर, विसंबू नका: १ जानेवारी २००७ पासून तो १३ अंकी झाला, आधी १० अंकी होता, आणि १९७० पूर्वीच्या बहुतेक पुस्तकांना तो नसतोच. शिवाय कापडी बांधणी आणि साधी आवृत्ती यांचे क्रमांक वेगळे असतात.

पुस्तक कुणाकडे असेल तर लगेच आरक्षण करा. बऱ्याच ठिकाणी आरक्षण असलेल्या पुस्तकाची मुदत वाढवून मिळत नाही, म्हणजे नुसतं ‘येईल तेव्हा पाहू’ म्हणणारा स्वतःच आपली वाट लांबवतो. विशिष्ट आवृत्तीच हवी नसेल तर आरक्षण एका प्रतीवर न करता शीर्षकावर करावं. रांगेत तुमच्या आधी ६ जण, प्रती २ आणि मुदत १४ दिवसांची असेल, तर तीन फेऱ्यांचे ४२ दिवस धरा. दोन्ही प्रती आधीच बाहेर असतील तर सध्याच्या वाचकांचे उरलेले दिवस वेगळे. त्यात प्रत्येकाने पुस्तक उचलायला घेतलेले दोन-तीन दिवस मिळवा. निरोप आला की मात्र मुदतीत जा, नाहीतर पुस्तक पुढच्याकडे जातं.

आपल्या ग्रंथालयात प्रतच नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज करावा. वर्ल्डकॅट या अनेक ग्रंथालयांच्या एकत्रित ऑनलाइन कॅटलॉगवर जवळपास कुठे प्रत आहे हे पाहून लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष आणि आवृत्ती अर्जात लिहिली की ग्रंथपालाचं निम्मं काम वाचतं. दुर्मिळ आणि संदर्भाची पुस्तकं सहसा बाहेर पाठवत नाहीत. तेव्हा एकच प्रकरण हवं असेल तर पूर्ण पुस्तक न मागता पानांचे क्रमांक देऊन त्याची छायाप्रत मागावी.