रेसच्या पुस्तकांची पारख

घोड्यांच्या शर्यतीवरचं पुस्तक हाती आलं तर पहिलं पान वाचू नये. पहिल्या पानावर लेखक हमखास जिंकलेला असतो. मधेच कुठेतरी उघडावं आणि तो हरल्याचं एखादं उदाहरण सापडतं का ते बघावं. सापडलं तर पुढे वाचायला हरकत नाही.

हा अधिकार माझ्याकडे आला तो मामांच्या ट्रंकेमुळे. मामा परळच्या एका गिरणीत, हजेरीचा हिशोब ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात होते. महालक्ष्मीचं रेसकोर्स तिथून जवळ, आणि फोर्टातल्या फुटपाथवर जुनी इंग्रजी पुस्तकं स्वस्त, त्यामुळे दोन्ही नाद एकदमच लागले. १९८२च्या संपानंतर ते वेंगुर्ल्याला परतले ते ही ट्रंक घेऊनच. आता मामा नाहीत. पावसात पानांना बुरशी धरली म्हणून मामीने सगळी पुस्तकं खळ्यात उन्हाला घातली आणि मला हाक मारली, "तू शिकलेलो ना रे? बघ, ठेवण्यासारखा काय आसा ता."

काही तर उभ्या उभ्याच बाजूला काढली. हरलात की पुढच्या वेळी दुप्पट लावा, असं सांगणारी ती. दहा रुपयांपासून सुरुवात केली आणि ओळीने दहा वेळा हरलात, तर अकराव्या खेपेला १०,२४० रुपये लावायचे. त्यात समसमान भावाने, म्हणजे रुपयाला रुपया नफ्याने, जिंकलात तर सगळा हिशोब होऊन हाती नफा दहा रुपये! फेव्हरिट घोडा, म्हणजे ज्यावर लोकांचे सगळ्यात जास्त पैसे लागतात तो, साधारण तीनात एकदा जिंकतो असा बऱ्याच देशांतला अनुभव आहे. त्या मानाने, दहा शर्यतींचे अठ्ठावन्न डाव घेतले तर त्यातला सरासरी एखादा असा निखालस कोरडा जातो. टाइम ऑफिसातल्या माणसाने ही पुस्तकं का सांभाळली कोण जाणे. एकाच्या मुखपृष्ठावरचा घोडा मात्र फार देखणा आहे.

उरलेल्यांना मी वजनाचं प्रकरण उघडून तपासलं. आपल्याकडच्या बऱ्याचशा शर्यती हँडिकॅपच्या. घोडा चांगला, रेटिंग जास्त, तितकं पाठीवरचं वजनही जास्त. जॉकी हलका पडला तर खोगिराखालच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या भरतात. सगळे घोडे एकाच वेळी शेवटच्या खांबाशी पोचावेत ही वजनं ठरवणाऱ्या हँडिकॅपरची इच्छा. तेव्हा सगळ्यात चांगला घोडा कसा ओळखावा एवढंच जो शिकवतो त्याने अर्धंच गणित मांडलेलं असतं. चांगुलपणाचा दंड क्लबाने आधीच वसूल केलेला आहे. अमेरिकन पुस्तकांतले सेकंदांचे तक्ते तर बहुतेक मातीच्या ट्रॅकवरचे, आणि महालक्ष्मीला हिरवळ. तक्ते सोडावेत, विचार घ्यावा.

पण खरी मेख भावात आहे, म्हणजे जिंकल्यावर रुपयाला किती परत मिळतात त्यात. टोटवर, म्हणजे क्लबाच्या पैसे लावायच्या खिडकीवर, आपण खेळतो ते रांगेतल्या पुढच्या-मागच्या माणसांविरुद्ध. सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, क्लबाचा वाटा आणि कर काढून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. चारात एकदा जिंकेल अशा घोड्यावर रुपयाला चार परत आले तर बरोबरी. तीनच येत असतील तर तो आज जिंकला तरी सौदा तोट्याचाच. देवगडची सिझनातली पहिली पेटी घेतो तसं ते: आंबा अस्सल, पैसे मात्र वसूल होत नाहीत. ज्या पुस्तकात घोड्यांच्या वंशावळीवर पन्नास पानं आणि भावावर चार ओळी, ते मी मिटलं.

भावामुळे आणखी एक गंमत होते. युक्ती छापली की तिचं मोल उतरतं. अमेरिकेत काही नादिष्ट लोक स्टॉपवॉचच्या वेळा ट्रॅकप्रमाणे दुरुस्त करून घोड्याच्या वेगाचा आकडा घरी बसून काढत. १९९२पासून तसले आकडे तिथल्या रेसच्या रोजच्या पेपरात कुणालाही छापून मिळू लागले. आकडा खोटा ठरला नाही, पण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आल्यावर त्या घोड्यांवर मिळणारे पैसे आटले. हाँगकाँगच्या शर्यतींत संगणकाच्या जोरावर अफाट पैसा केलेल्या बिल बेंटरनेही आपली रीत १९९४ साली निबंधात मांडली ती वर्षानुवर्षं वापरून झाल्यावर. त्यातलं मला आवडलं ते हे की, एवढं गणित करूनही लोकांनी ठरवलेला भाव तो आपल्या हिशोबात मिसळायचा. गर्दीला मूर्ख म्हणणारा लेखक दिसला की मी आता सावध होतो.

ट्रंकेच्या तळाशी मामांची वही निघाली. वेंगुर्ल्यात टोटची खिडकी कुठली! मुंबईचा पेपर एसटीने यायचा तोही उशिरा. रेसकार्ड, म्हणजे शर्यतींची आणि घोड्यांची यादी, आलं की मामा एकेका पुस्तकाच्या रीतीने घोड्यांना स्वतःचा भाव लिहीत आणि निकालाचा पेपर आला की शेजारी लाल पेन्सिलीने टोटचा डिव्हिडंड, म्हणजे प्रत्यक्षात परत मिळालेले पैसे. पावसाळ्यात सीझन पुण्याला जातो, तेव्हा लावणीचे पाय धुऊन पडवीत हेच चालायचं. पैशाचा व्यवहार शून्य. वर पुस्तकाचं नाव, खाली त्याची परीक्षा. एका पानावर १२०० मीटरची शर्यत आहे, सात घोडे. पहिल्या घोड्यासमोर मामांचा भाव रुपयाला पाच, पेपरातला अंदाज तीन, आणि पुढे निळ्या शाईत 'सोडली'.

जिंकली-हरलीपेक्षा हे 'सोडली' वहीत कितीतरी जास्त आहे. कुठल्या शर्यतीला हात लावू नये हे नीट सांगणारी पुस्तकं ट्रंकेत दोनच निघाली. दोन्ही पातळ, दोन्हींचे समास मामांच्या पेन्सिलीने भरलेले. ती मी मागून घेतली. त्या लेखकांचं आणखी काही मिळतं का म्हणून शोधलं, पण हाती काही लागलं नाही. पानोपानी 'आज काही लावू नका' म्हणणाऱ्याला प्रकाशक तरी दुसऱ्यांदा दारात कशाला उभं करील?