टॉमी डग्लस, आणि त्याच्यामागून आलेला वूड्रो लॉइड

कॅनडाच्या सरकारी आरोग्यसेवेचा विषय निघाला की टॉमी डग्लसचं नाव येणारच. २००४ साली सीबीसी या तिथल्या सरकारी रेडिओ-टीव्हीने सर्वात महान कॅनेडियन कोण यावर लोकांची मतं घेतली तेव्हा हाच पहिला आला, आणि हा माणूस कधी पंतप्रधानही झाला नव्हता, सस्कॅचवान या गव्हाच्या प्रांताचा प्रीमियर होता (आपल्याकडचा मुख्यमंत्री धरा), १९४४ ते १९६१, सलग सतरा वर्षं.

जन्म स्कॉटलंडमधला, १९०४ चा, मग घरचे विनिपेगला आले. लहानपणी पायाच्या हाडात इन्फेक्शन झालं, घरात चांगल्या सर्जनला द्यायला पैसे नाहीत त्यामुळे पाय कापायची वेळ आलेली, तेवढ्यात एका मोठ्या सर्जनने विद्यार्थ्यांना शिकवायला केस मिळते म्हणून फुकट ऑपरेशन केलं आणि पाय वाचला. त्याच पायांवर उभा राहून पोराने १९२२ मध्ये मॅनिटोबाचं लाइटवेट बॉक्सिंगचं टायटल मारलं! पण डग्लसच्या डोक्यातून ते फुकटचं ऑपरेशन कधी गेलं नाही, पोराचा पाय आईबापाच्या खिशावर ठरता कामा नये हे तो पुढे आयुष्यभर बोलत राहिला.

आधी छापखान्यात काम, मग पाद्री. १९३० मध्ये सस्कॅचवानमधल्या वेबर्न गावच्या चर्चमध्ये आला तर समोर मंदी आणि दुष्काळ, शेतातली माती वाऱ्याबरोबर उडून चाललेली. तिथून राजकारण. १९३३ च्या एमएच्या प्रबंधात त्याने 'कमी प्रतीच्या' ठरवलेल्या लोकांची नसबंदी करावी असं लिहिलं होतं, हे त्याचे चाहते पटकन सांगत नाहीत, पण सांगायला हवं. सत्तेत आल्यावर मात्र त्याने तसलं काही केलं नाही.

१९४४ ला प्रांताच्या निवडणुकीत त्याच्या सीसीएफ या समाजवादी पक्षाला ५२ पैकी ४७ जागा मिळाल्या. डग्लसने आरोग्य खातं स्वतःकडेच ठेवलं, आणि १ जानेवारी १९४७ पासून हॉस्पिटलचा विमा सुरू, माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त ३०. पण हे फक्त हॉस्पिटलचं, डॉक्टरची फी यात नाही! ती योजनेत आणायला आणखी पंधरा वर्षं गेली, कारण आधी तिजोरी सांभाळायची, गावागावात वीज न्यायची, आणि १९५८ पासून केंद्र सरकार हॉस्पिटलच्या खर्चात वाटा उचलायला लागल्यावर कुठे हात मोकळे झाले. मला डग्लसची सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, भाषणं जबरदस्त करायचा पण हिशेब आधी.

१९६० ची निवडणूक डॉक्टरची फीही योजनेत आणायची याच मुद्द्यावर जिंकली आणि १९६१ मध्ये तो सीसीएफमधूनच निघालेल्या एनडीपी या नव्या पक्षाचा नेता होऊन केंद्राच्या राजकारणात गेला. खरं वादळ झेललं ते त्याच्या जागी आलेल्या वूड्रो लॉइडने, आणि त्याचं नाव कोणी घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं. लॉइड मूळचा शिक्षक, अनेक वर्षं शिक्षणमंत्री, डग्लससारखी सभा गाजवणारा नाही. १ जुलै १९६२ ला डॉक्टरच्या फीची योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी काम बंद केलं. तेवीस दिवस! सरकारने ब्रिटनहून डॉक्टर आणले, 'आमचे डॉक्टर वाचवा' म्हणत लोक विधानसभेसमोर जमले, घाबरलेले आईबापही त्यात होते, तरी लॉइडने कायदा मागे घेतला नाही. शेवटी लॉर्ड टेलर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने मध्यस्थी केली आणि २३ जुलैला सास्कटूनमध्ये करार झाला, त्यात डॉक्टरांनाही बरंच मिळालं, सरकारी पगारावर न येता प्रत्येक तपासणीमागे फी घेत स्वतःची प्रॅक्टिस चालवायची मोकळीक राहिली.

संपाच्या आधी जूनमध्येच डग्लस रेजायनात, म्हणजे सस्कॅचवानच्या राजधानीत, स्वतःची खासदारकीची निवडणूक हरला होता, लोकांचा राग त्याच्यावरही निघाला. मग ब्रिटिश कोलंबियातून पोटनिवडणूक जिंकून संसदेत गेला. लॉइडचं सरकार १९६४ ला पडलं, पण विरोधातला लिबरल पक्ष सत्तेत आला तरी योजना रद्द करायची हिंमत त्याने केली नाही, आणि १९६६ मध्ये ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, देशभरासाठी कायदा केला तो सस्कॅचवानचा नमुना समोर ठेवूनच.