नाक्सोसचा वारा आणि आमचे परतीचे तिकीट

ग्रीसमधील नाक्सोस बेटावरून अथेन्सला परतायला आम्हाला ठरल्यापेक्षा 2 दिवस जास्त लागले, आणि त्यातला बराचसा वेळ बंदरासमोरच्या एका तिकीट-कचेरीच्या दारात ताटकळण्यात गेला. वाऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझे माहेर अलिबागजवळचे आहे आणि पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद होते हे पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. माझी तक्रार आहे ती एका वाक्यात सांगता येण्यासारखी गोष्ट आम्हाला शेवटपर्यंत कोणी सांगितली नाही, याबद्दल. कोणी जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे जाणार असेल तर त्याच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

जाण्याचा भाग सुरळीत पार पडला. व्हिसा वेळेत मिळाला, अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रोने थेट पिरेअस बंदर गाठता आले आणि तेथून मोठ्या बोटीने साडेपाच तासांत मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे नाक्सोसला उतरलो. उतरताना मात्र घाई होते, हे वयस्कर माणसे बरोबर असतील तर लक्षात ठेवावे. बेट जवळ आल्याची घोषणा झाली की सगळे प्रवासी एकदम खालच्या मजल्यावर, मोटारी उभ्या असतात तेथे जमतात. आपले सामानही तेथेच बेटांची नावे लिहिलेल्या मांडण्यांवर ठेवलेले असते. बोटीचा मागचा भला मोठा दरवाजा खाली येतो, काही मिनिटांत उतरणारे उतरतात, चढणारे चढतात आणि बोट पुढच्या बेटाकडे निघते. त्या गर्दीत जिना उतरणे सासूबाईंना जड गेले असते, म्हणून आम्ही घोषणेच्या आधीच खाली जाऊन उभे राहिलो.

नाक्सोस हे सायक्लेडीज द्वीपसमूहातले सर्वांत मोठे बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, मुख्य गावाच्या दक्षिणेला, एकापाठोपाठ एक पुळणी आहेत : आगिओस प्रोकोपिओस, आगिया आना आणि पुढे लांबलचक प्लाका. बंदराच्या धक्क्यासमोरच बसस्थानक आहे आणि उन्हाळ्यात या पुळणींकडे दिवसभर बसगाड्या जातात. तिकीट गाडीत चढण्यापूर्वीच काढावे. कोकणातल्या माणसाला तेथे पहिली गोष्ट जाणवते ती ही, की या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. सकाळी जेथे चप्पल काढून ठेवावी तेथे ती संध्याकाळीही कोरडीच असते. छत्री आणि आरामखुर्ची यांचे पैसे पडतात, पण किनारा सर्वांचा असतो आणि मोकळ्या वाळूत पंचा अंथरून बसायला कोणाची हरकत नसते. उत्तरेचा वारा सुटला की आगिओस प्रोकोपिओसला टेकडीचा थोडा आडोसा मिळतो, प्लाकाला मात्र वाळू अंगाला टोचू लागते, आणि मिक्री विग्लाला तर शिडाच्या फळ्यांवर लाटा कापणारी मंडळी त्याच वाऱ्यासाठी मुद्दाम जातात.

याच वाऱ्याला तेथे मेल्तेमी म्हणतात. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, आणि तरीही वारा दिवसचे दिवस थांबत नाही. त्यामुळे आपल्याकडच्यासारखा ढगांवरून काही अंदाज बांधता येत नाही. आम्ही चौथ्या दिवशी पोर्ताराला गेलो तेव्हा तो वाढत होता. पोर्तारा म्हणजे अपोलोच्या मानल्या जाणाऱ्या, कधीच पूर्ण न झालेल्या देवळाची संगमरवरी चौकट. इसवी सनपूर्व 530च्या सुमारास लिग्दामिस या सत्ताधीशाच्या काळात काम सुरू झाले आणि अर्धवट राहिले. आज सुमारे 6 मीटर उंचीची ती चौकट तेवढी उभी आहे. तिच्याकडे जाणाऱ्या बांधावर लाटा आपटून पाणी पलीकडे उडत होते आणि आमचे कपडे खाऱ्या पाण्याने भिजून कडक झाले. तेव्हाच आम्ही शहाणे व्हायला हवे होते. पण परतीचे तिकीट शुक्रवार दुपारचे, वेगवान कॅटामरानचे, म्हणजे दोन सांगाड्यांच्या हलक्या बोटीचे होते, 2 महिने आधी इंटरनेटवरून काढलेले होते, आणि ते हातात असल्यामुळे आम्ही निश्चिंत होतो.

शुक्रवारी सकाळी फोनवर संदेश आला की बोट रद्द झाली आहे. वारा साधारण 8 ब्यूफोर्टच्या (हे वाऱ्याच्या जोराचे माप), म्हणजे ताशी 62 ते 74 किलोमीटरच्या घरात पोहोचला की बंदराचे अधिकारी जहाजांना निघण्याची मनाई करतात. या मनाईला तेथे अपागोरेफ्तिको म्हणतात, आणि त्या दिवशी बंदरावर प्रत्येकाच्या तोंडी हाच शब्द होता. आम्ही सामान घेऊन तिकीट-कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी आमचा कागद पाहिला आणि सांगितले की दर 2 तासांनी येऊन विचारा, मनाई केव्हाही उठेल. आम्ही दर 2 तासांनी विचारले. संध्याकाळी कचेरी बंद होताना उत्तर मिळाले, उद्या सकाळी या.

शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही पुन्हा दारात. पुन्हा तेच उत्तर, दर 2 तासांनी या. आपिरान्थोस हे डोंगरातले, संगमरवरी फरसबंदी गल्ल्यांचे गाव आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले होते आणि वाऱ्यामुळे ते राहून गेले होते. तिकडे जाणारी बस आमच्या डोळ्यांसमोर, कचेरीच्या समोरूनच सुटली. यजमान म्हणाले, "जाऊन येऊ या का?" मी नको म्हटले, कारण बोट सुटली आणि आपण डोंगरात असलो तर काय, ही भीती होती. त्या नकाराची रुखरुख मला अजून आहे. सासूबाईंची त्या दिवशी एकादशी होती. शेजारच्या खानावळीतल्या बाईने नाक्सोसचे प्रसिद्ध बटाटे नुसते उकडून मीठ लावून दिले आणि पैसे घ्यायला नकार दिला. आई ती बशी मांडीवर घेऊन बंदराच्या कठड्यावर बसल्या होत्या, आणि वाऱ्याने बशीतला कागदी रुमाल उडू नये म्हणून त्यांनी त्यावर एक बटाटा ठेवला होता.

मला चिंता वेगळीच होती. शेंगेन व्हिसाच्या चिकटपट्टीवर वैधतेच्या तारखा सैल असतात, पण मुक्कामाचे दिवस मोजून दिलेले असतात आणि येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. आमच्या पट्टीवर 12 दिवस होते आणि विमान अकराव्या दिवशी, सोमवारी होते. बाराव्या दिवसापलीकडे अडकलो तर मुदतवाढीसाठी अर्ज करण्याची तरतूद आहे, हे मला वाचून माहीत होते. पण परक्या मुलुखात आणखी एका कार्यालयापुढे उभे राहण्याची कल्पनाच नकोशी वाटत होती. अथेन्सच्या टेकडीवरच्या प्राचीन अक्रोपोलिसची, तारीख आणि वेळ घातलेली, शनिवार सकाळची 3 तिकिटे तर तोपर्यंत वाया गेलीच होती.

दुपारी मी खिडकीवर जरा चढ्या आवाजात विचारले की दुसऱ्या कोणत्या बोटीत आम्हाला जागा देता येईल का. बाईंनी सांगितले की तिकीट तुम्ही इंटरनेटवरून काढले आहे, त्यामुळे आम्ही त्याला हात लावू शकत नाही, जेथून काढले तेथे विचारा. तेथला फोन कोणी उचलत नव्हता. मग त्या म्हणाल्या की पैसे परत मिळणार नाहीत, पुढे कधीतरी वापरायचे तिकीट मिळेल. आम्ही पुढे कधीतरी नाक्सोसला येणार होतो का? माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी संध्याकाळी विचारले, "बंदर-पोलिसांकडे गेला होतात का?" आम्ही गेलो नव्हतो. त्यांचे, म्हणजे तटरक्षकांचे कार्यालय तिकीट-कचेरीपासून चालत 5 मिनिटांवर होते. तेथल्या अधिकाऱ्याने हवामानाचा कागद आमच्यासमोर फिरवला आणि इंग्रजीत सावकाश सांगितले की वारा रात्री उतरेल, मोठ्या बोटी पहाटेपासून सुटतील, मात्र वेगवान बोटींना लाटांच्या उंचीची मर्यादा ठरवून दिलेली असल्यामुळे त्या सोमवारपर्यंत सुटण्याची शक्यता नाही. म्हणजे आमची बोट त्या 2 दिवसांत सुटणारच नव्हती, आणि दर 2 तासांनी आम्ही ज्या उत्तरासाठी जात होतो ते उत्तर शनिवारी तरी सकाळपासूनच ठरलेले होते. आम्ही निवांतपणे आपिरान्थोसला जाऊन आलो असतो.

अधिकाऱ्याचे बोलणे संपायच्या आत यजमानांनी फोनवर रविवार सकाळच्या मोठ्या बोटीची 3 तिकिटे काढली. थोड्याच जागा उरल्या होत्या. जुन्या तिकिटांचे पैसे मिळोत न मिळोत, आधी नवीन तिकीट हातात घ्यावे, हा निर्णय आम्ही शुक्रवारीच घ्यायला हवा होता. रविवारी बोट चांगलीच हलत होती. ज्यांना बोट लागते त्यांनी मधल्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी बसावे आणि गोळी निघण्यापूर्वी घ्यावी. मी निघाल्यावर घेतली आणि तिचा उपयोग झाला नाही. आई मात्र पिरेअसपर्यंत शांत झोपल्या. अक्रोपोलिस त्यांना रात्री आमच्या खोलीच्या सज्जातून, दिव्यांत उजळलेले दिसले, तेवढेच.

परतीच्या आधी अथेन्समध्ये 3 रात्री ठेवल्या होत्या म्हणून विमान चुकले नाही. कोणी सांगितले की बेटावरून सकाळी निघा आणि त्याच दिवशी संध्याकाळचे विमान पकडा, तर उन्हाळ्यात ते मुळीच ऐकू नये. परतीसाठी कॅटामरान काढून 2 तास वाचवण्यापेक्षा मोठी बोट केव्हाही चांगली. आणि मुक्कामाचे दिवस व्हिसाच्या अर्जातच, प्रवासाच्या आराखड्यात आणि विम्यात 2-3 दिवस जास्त धरून दाखवावेत.

पैशांचे सांगायचे राहिले. ठाण्याला आल्यावर मी युरोपीय संघाचा 2010 सालचा 1177 क्रमांकाचा नियम शोधून वाचला. बोट रद्द झाली तर पुढची बोट की पैसे परत, ही निवड प्रवाशाची असते आणि पैसे 7 दिवसांत द्यावे लागतात. हवामान धोकादायक असेल तर हॉटेलचा खर्च देणे बोटवाल्यांवर बंधनकारक नसते, म्हणून तो मी मागितला नाही. नियमाचा क्रमांक, रद्द झाल्याचा संदेश आणि तिन्ही तिकिटे जोडून बोटीच्या कंपनीला थेट पत्र लिहिले. पहिल्या पत्राला पुन्हा तेच, पुढे वापरायच्या तिकिटाचे उत्तर आले. दुसऱ्या पत्रात मी नियमातले कलम जसेच्या तसे उतरवून पाठवले, आणि त्यानंतर नवव्या दिवशी तिन्ही तिकिटांचे पूर्ण पैसे खात्यात जमा झाले.