पडवीतली पेटी आणि खुडूक कोंबडी

निवृत्त होऊन कुडाळ तालुक्यातील वडिलोपार्जित घरी राहायला आलो, तेव्हा परसात चार गावठी कोंबड्या पाळायच्या आणि लहानपणापासून राहून गेलेली पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकायची, एवढे दोनच बेत मनात होते. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध येईल असे तेव्हा वाटले नव्हते. तो आला, कारण पावसापासून आणि मुंगसापासून सुरक्षित अशी एकच मोकळी जागा घरात होती, आणि ती म्हणजे पडवी.

चार कोंबड्या म्हणजे रोजची चार अंडी, असा माझा कारकुनी हिशेब पहिल्याच महिन्यात कोसळला. व्यापारी पोल्ट्रीतली कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. गावठी कोंबडी ६०-७० वर थांबते, आणि मध्येच खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने बसून राहून, कामच बंद करते. शिवाय एक अंडे पोटात तयार व्हायला साधारण २५ तास लागतात, त्यांतले वीसेक तास नुसत्या कवचाला. त्यामुळे आज सकाळी आठला घातलेले अंडे उद्या नऊला, परवा त्याहून उशिरा, असे सरकत सरकत दुपारपर्यंत जाते आणि मग एका दिवसाची सुट्टी पडते. मी मात्र पहिले काही दिवस सकाळी आठ वाजता खुराड्यापुढे हजर राहून, कोंबडीने खाडा केला म्हणून तिच्यावर रागावत होतो.

त्याहून मोठी चूक पहिल्या रवणीच्या, म्हणजे अंडी उबवायला बसवण्याच्या, वेळी झाली. कोंबडी नऊ अंड्यांवर बसली होती आणि मी दिवसातून तीन-चार वेळा तिला उचलून खाली काय चालले आहे ते पाहत होतो. दहाव्या दिवशी ती जी उठली ती परत बसलीच नाही. सगळी अंडी फुकट गेली. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या काकी तेव्हा काही बोलल्या नाहीत. पुढच्या मार्च महिन्यात तांबडी कोंबडी खुडूक झाली आणि पडवीच्या कोपऱ्यातल्या पाटीत भाताच्या पेंढ्यावर अकरा अंडी घेऊन बसली, तेव्हा मात्र त्यांनी दारातूनच बजावले, “अरे, तिका आता उठवू नको. ती आपला काम करता.”

त्याच पडवीत माझी पेटी होती. माझे गुरू डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, गाणारे बुवा आहेत. वयाने ते माझ्या मुलाएवढे, तेव्हा ते मला काका म्हणतात आणि मी त्यांना बुवा. रात्रभर समोरच्या बुवांशी सवाल-जवाब करून आलेला हा माणूस दुपारी माझ्यासारख्या बोटे आखडलेल्या विद्यार्थ्यापुढे इतका शांत कसा बसू शकतो, हे मला अजून उलगडलेले नाही. त्यांचे रागावणे म्हणजे फार तर, “काका, भाता म्हणजे सायकलचा पंप नव्हे.” मी भाता इतक्या जोराने हलवत असे की प्रत्येक स्वर आधी किंचाळे आणि मग विझे. हात हलका ठेवून, आत हवा उरलेली असतानाच पुढची हवा भरायची, एवढीशी गोष्ट जमायला मला दोन महिने लागले. कोंबडीने जे एका रवणीत शिकवले तेच बुवा वेगळ्या शब्दांत सांगत होते: हात आवर.

पेटीवर टीका पुष्कळ झाली आहे. तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही, तिचे स्वर ठरीव असतात, अशा आक्षेपांपायी १९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओवर तिला बंदी होती. आक्षेप खरे आहेत. पण साठीनंतर शिकणाऱ्याला हेच तिचे दोष वरदान ठरतात. सारंगीवर नुसता षड्ज सापडायला माझे उरलेले आयुष्य गेले असते. पेटीवर तो पट्टीखाली आयता बसलेला असतो.

अलंकार घोटून झाल्यावर बुवांनी एका संध्याकाळी काळी तीनला, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीला, षड्ज (सा) धरायला सांगितला आणि म्हणाले, “आता फक्त काळ्या पट्ट्या वाजवा, पांढरीला हात लावू नका.” मी भीत भीत पाच काळ्या पट्ट्या चढत गेलो आणि सा रे ग प ध असा सरळ भूप राग उभा राहिला. मी थक्क झालेला पाहून त्यांनी काळी एकला षड्ज मानून त्याच पट्ट्या वाजवल्या, तर दुर्गा. काळी पाचपासून वाजवल्या, तर चक्क मालकंस. शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात हे नंतर कळले. पट्ट्या त्याच पाच, फक्त घर कोणते मानायचे ते बदलले, की सगळा माहोल बदलतो. त्या रात्री मी जेवायचे विसरून त्या पाच पट्ट्यांभोवती फिरत बसलो होतो.

तांबडीला माझ्या वाजवण्याचा त्रास होईल अशी धास्ती होती, पण तिने एकदाही मान वळवली नाही. दिवसातून एकदा उठून दहा-पंधरा मिनिटांत कण्या खाणे, पाणी पिणे आणि धुळीत लोळणे उरकून ती पुन्हा पाटीत जाई. आठव्या रात्री, काकींच्या परवानगीने, मी एकदाच एकेक अंडे मोबाइलच्या उजेडापुढे धरून पाहिले. नऊ अंड्यांत लाल कोळिष्टकासारख्या शिरा पसरल्या होत्या, दोन रिकामी होती. ती दोन काढली आणि त्यानंतर हात लावला नाही.

विसाव्या दिवशी दिवेलागणीनंतर भूप वाजवत होतो. स्वर धरून भात्यातली हवा संपू दिली, आणि ती पूर्ण संपल्यावर जी शांतता पडली तिच्यात बारीक ‘चिव’ ऐकू आले. आधी वाटले, एखादी पट्टी चिकटून हवा गळते आहे. दमट हवेत आमच्या पेटीला ती खोड आहे. मी पेटीला कान लावला. आवाज पेटीतून येत नव्हता, कोंबडीखालून येत होता; कवच फुटायच्या आधीच पिल्लू आतून बोलत होते आणि तांबडी घशातल्या घशात त्याला उत्तर देत होती. पुढे तासभर मी पेटीला हात लावला नाही, तसाच बसून राहिलो.

नवांपैकी आठ पिल्ले निघाली. पहिल्या दिवशी ती काही खात नाहीत म्हणून मी घाबरलो, पण अंड्यातला बलक त्यांच्या पोटात गेलेला असतो आणि त्यावर ती दोन दिवस सहज राहतात. मानमोडी या कोंबड्यांच्या रोगावरची लस मला मिळाली ती १०० पिल्लांची कुपी होती, आणि एकदा कालवली की ती थोड्याच वेळात वापरून टाकावी लागते. म्हणून सातव्या दिवशी वाडीतली जवळपास सगळी पिल्ले टोपल्यांतून आमच्या पडवीत जमा झाली. मी एकेकाच्या डोळ्यात थेंब टाकत होतो, काकी मोजत होत्या आणि कुणाची कोणती यावर मुलांची भांडणे चालली होती. पुढे आठातले एक मुंगसाने नेले, सात वाढली.

सध्या भूप बरा वाजतो, दुर्गा अडखळतो आणि मालकंस बुवांनी तूर्त बंद ठेवला आहे. गेल्या आठवड्यात पेटीचे लाकडी खोके उघडे राहिले होते, तर काळ्या कोंबडीने त्यात अंडे घातले. दुसऱ्या दिवशी दुसरे घातले. आता तिथे सहा अंडी आहेत आणि काल संध्याकाळपासून ती उठायला तयार नाही, म्हणून पेटी जुन्या चादरीत गुंडाळून माजघरात ठेवली आहे.