पाय लंगडतोय, तोंड का बघता?

रंकाळ्यावरचे घोडेवाले, वरातीला घोडा देणारे, गाडी शर्यतीचे शौकीन, सगळ्यांचा एकच सवाल: "डॉक्टर, घोडं मागनं आखडतंय आणि तुम्ही तोंडात काय बघालाय?" इतक्यांदा विचारलंत, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

जिभेला धरून असलेल्या हाडापासून काही स्नायू छातीच्या हाडापर्यंत, काही खांद्याकडे जातात. कडियाळं, म्हणजे लगामाचं तोंडातलं लोखंड, जिभेवर दाबलं आणि वरून नाकपट्ट्यानं जबडा आवळला, की घोडा जीभ मागं ओढून धरतो. गळ्याखालचं सगळं ताठतं, खांदा सुटत नाही, पुढची टाप आखूड पडते. त्यात रुबाबासाठी मान वर बांधलीत की पाठ खचते आणि मागचे पाय पोटाखाली येतच नाहीत. नाल, सांधे बघत नाही असं नाही. तेही बघतो.

वरातीचा एक घोडा आणला होता. पट्टा पार खाली, नाकाचं हाड निमुळतं होऊन संपतं तिथं. पट्टा सोडताच त्यानं जबडा इकडून तिकडं फिरवला आणि जांभयांवर जांभया दिल्या. मालक म्हणाला, "दमलाय." बॅटरी मारून बघितलं तर गालाला आतून, वरच्या दाढांसमोर, नखाएवढी जखम. वरच्या दाढा खालच्यांपेक्षा बाहेर असतात, त्यांच्या बाहेरच्या कडेला धार येते. पट्टा गाल त्याच धारेवर दाबतो. दाढा घासल्या, पट्टा वर घेऊन सैल केला. पाय लगेच सुधारला? नाही. खचलेली पाठ एका दिवसात उचलत नाही.

"बोटं जातात की, सैलच आहे," हेही रोजचंच. बोटं गालाकडून घालू नका, तिथं पोकळीच असते. नाकाच्या हाडावर, मधोमध, मोठ्या माणसाची दोन बोटं सहज गेली पाहिजेत. घोडा तोंडानं श्वास घेत नाही, नाकाचीच वाट आहे त्याला. काटेरी कडियाळ्यावर तर वादच नको, जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1965च्या नियमांनी ते बंद आहे.

राहिला डीजेचा प्रश्न. फटाके, गर्दी, वर नवरदेव, सैल सोडून आवरायचं कसं? दुखऱ्या तोंडाचा घोडा जास्त बिथरतो, हे मी सांगतोच. पण ऐन गर्दीत लगाम खेचू नका, असं मलाही म्हणवत नाही. आणि वरात सोडा म्हटलं तर तुमचं पोट कशावर?

तेवढं एक करा. घोडा दाखवायला आणताना साज घरी काढून ठेवू नका, रोजचा आहे तसा घालून आणा.