मिसळ आणि बाबांची गोळी

गेल्या रविवारी बाबांना घेऊन मखमलाबाद रोडला मिसळ खायला गेलो. पार्किन्सनची गोळी नेहमीचीच, लिव्होडोपा-कार्बिडोपा, पण घेतली मिसळीसोबत. घरी आलो तर शर्टाचं एक बटण काढायला पाच मिनिटं, आणि चहाचा कप बशीत नुसता टकटक टकटक. डॉक्टरांना फोन केला तर म्हणे मटकीचं प्रोटीन आडवं आलं!

रात्री वाचत बसलो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की बहुतेक औषधं आत जाऊच शकत नाहीत. 1885 मध्ये पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्याच्या रक्तात रंग सोडला तर सगळं अंग रंगलं, मेंदू कोराच! म्हणजे 2015 च्या कुंभातलं रामकुंडाकडचं बॅरिकेडिंगच समजा, पास असेल तर आत. बाबांना हवं असतं डोपामाइन, म्हणजे पार्किन्सनमध्ये मेंदूत कमी पडणारं रसायन, पण त्याच्याकडे पास नाही, म्हणून लिव्होडोपा देतात, ते अमिनो आम्ल असल्याने त्याला सोडतात आणि आत गेल्यावर त्याचं डोपामाइन होतं. फक्त त्याच लाइनीत मटकीचं प्रोटीन पचून झालेली अमिनो आम्लंही उभी. झाली गर्दी.

आता संशोधक काय करतायत तर औषध पीएलजीएच्या अतिसूक्ष्म कणांत भरतात, विरघळणारे टाके बनतात ना तेच मटेरियल, आणि कणांवर पॉलिसॉर्बेट 80 चा थर देतात, जे आईस्क्रीममध्येही असतं बरं का. त्याला रक्तातलं एक प्रोटीन चिकटतं आणि पेशींना वाटतं आपलं नेहमीचं कोलेस्टेरॉलचं पार्सल आलं, घेतात आत. भारी डोकं आहे राव. दुसरा रस्ता नाकाचा. कोळंबीच्या सालीपासून बनणारं कायटोसॅन नाकातल्या ओल्या अस्तराला चिकटून राहतं, म्हणजे औषध लगेच वाहून जात नाही आणि वासाच्या नसांकडून मेंदूकडे जायला वेळ मिळतो. आजी नाकात तूप सोडायची ते आठवलं, असो. पण यातलं बरंचसं अजून उंदरांवरच चाललंय, आणि उंदराच्या नाकाचा जवळपास निम्मा भाग वासाचा, आपला 10 टक्केसुद्धा नाही, त्यामुळे मी तरी फार हुरळलो नाही.

बाबांना सगळं समजावलं तर म्हणाले, "उंदरांचं बरंय रे. मला गोळी आठला दे आणि मिसळ नऊला."

या रविवारी तसंच केलं. एक्स्ट्रा रस्सा त्यांनी स्वतःच ओतून घेतला, थोडा टेबलावर सांडला.