फीडमध्ये नुसता बैलबाजारच का दिसतो?

फेसबुकवर आपण कपाशीच्या ग्रुपमध्ये असतो, संत्र्याच्या असतो, तालुक्याच्या खरेदी-विक्रीतही असतो. पण ॲप उघडलं की बैलजोड्यांचे फोटो, शंकरपटाचे (बैलांच्या शर्यतीचे) व्हिडिओ आणि जुने ट्रॅक्टर. मग लोक नोटिफिकेशन बंद करतात, फीड तसंच राहतं, आणि चिडून ग्रुपच सोडून देतात. राजेहो, सोडायची गरज नाही.

नोटिफिकेशन बंद केल्यावर घंटीवरचा आकडा तेवढा थांबतो, पोस्ट फीडमध्ये येतच राहतात. त्या हटवायच्या तर ग्रुप उघडून वरच्या तीन ठिपक्यांतून अनफॉलो करा. सदस्यत्व कायम राहतं. जोडी विकायची वेळ आली की तिथं जाऊन पोस्ट टाकता येते. पोळ्याच्या तोंडावर अशा पोस्टचा पूर येतो, तेवढ्यापुरतंच थांबवायचं असेल, तर पोस्टवरच्या ठिपक्यांतून ३० दिवसांचं स्नूझ करा. मुदत संपली की ग्रुप आपोआप परत दिसू लागतो.

पूर येतो तो आपल्याच वागण्यानं. आपण कुठं थांबतो, काय उघडतो, कशावर कॉमेंट करतो, यावरून फीड लागतं. ‘एवढी किंमत असते का बे?’ असं रागानं लिहिलं तरी त्याचा हिशेब आवड म्हणूनच होतो. भांडायची हौस आवरा. सेटिंगमध्ये व्हिडिओचं ऑटोप्लेही बंद करा, म्हणजे डेटा वाचेल आणि नकळत थांबणंही कमी होईल.

या गर्दीत कपाशीच्या ग्रुपच्या पोस्ट मागं पडतात, खरं नुकसान ते. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधानं नर पतंग ओढणाऱ्या) सलग ३ रात्री रोज ८ पतंग आले, की उपाय करायची पातळी गाठली असं धरतात. शेजारच्या शिवारातल्या कुणी सापळ्याचा आकडा किंवा डोमकळीचा (अळीमुळं न उमललेल्या फुलाचा) फोटो टाकला आणि तो आपल्याला चौथ्या दिवशी दिसला, तर काय कामाचा? त्या ग्रुपसाठी उलटं करा: नोटिफिकेशन ‘सर्व पोस्ट’वर ठेवा, आणि ग्रुपच्या आत पोस्टचा क्रम ‘नवीन पोस्ट’ असा निवडा. ग्रुप पिन केला तर तो ग्रुपच्या यादीत वर येतो, एवढंच. फीडमध्ये त्यानं फरक पडत नाही.

याहून सोपं म्हणजे तीन रेघांच्या मेनूतलं ‘फीड्स’. त्यात ‘ग्रुप्स’ निवडलं की फक्त आपल्या ग्रुपच्या पोस्ट, नवीन आधी या क्रमानं येतात. जाहिराती तिथंही असतात, पण सुचवलेल्या पोस्ट नसतात. फवारणीच्या हंगामात सकाळी हेच उघडावं.

नेहमीच्या फीडमध्ये ग्रुपच्या नावाशेजारी ‘जॉईन’ दिसलं, तर तो ग्रुप आपला नाही, फेसबुकनं सुचवलेला आहे. तिथं अनफॉलो चालत नाही. ठिपक्यांतून ‘कमी दाखवा’ निवडावं लागतं, आणि त्याचा परिणाम काही काळच टिकतो. तोवर त्यातला एखादा व्हिडिओ पूर्ण पाहिला, की पुन्हा तेच सुरू.

व्हॉट्सॲपवर फीड नाही, पण घोटाळा तोच. म्यूट केलेला ग्रुप नवीन मेसेज आला की यादीत वर चढतोच. तो अर्काइव्ह करा, म्हणजे मुख्य यादीतून बाजूला टाका, आणि सेटिंगमध्ये चॅट अर्काइव्हच ठेवण्याचा पर्याय चालू आहे का ते बघा. मग कुणी आपल्याला मेन्शन केलं किंवा आपल्या मेसेजला उत्तर दिलं, तरच फोन वाजेल.